दहा टक्के जमीन, जिथे कुणी काहीच करायचं नाही

बोरिवलीचं नॅशनल पार्क कागदावर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘राष्ट्रीय उद्यान’ हा संरक्षणाचा सगळ्यात कडक दर्जा. अभयारण्यात काही हक्क आणि चराई नियम घालून चालू ठेवता येते. राष्ट्रीय उद्यानात गुरंसुद्धा चारता येत नाहीत. आता याच हद्दीत काय काय आहे बघा. पहाटे चालायला येणाऱ्यांची गर्दी, तलावातल्या बोटी, ‘वनराणी’ या छोट्या आगगाडीचे रूळ, कान्हेरीची लेणी आणि तिथवर जाणारा डांबरी रस्ता, पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आदिवासी पाडे, शहराला आजही पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव. आणि याच हद्दीत असाही भाग आहे जिथे वनरक्षक आणि कॅमेरे लावणारे संशोधक सोडले तर वर्ष-वर्ष माणसाचं पाऊल पडत नाही. नकाशावर मात्र सगळ्याला एकच हिरवा रंग.

म्हणजे एखादी जागा संरक्षित आहे असं सांगितल्याने तिथे नेमकं काय बंद आहे हे कळत नाही. युरोपीय संघाने गेल्या काही वर्षांत हाच गुंता एका खंडाच्या मापाने सोडवायला घेतला आहे. (संघ म्हणजे सगळं युरोप नव्हे; स्वित्झर्लंड, नॉर्वे, ब्रिटन बाहेर आहेत. तरी २७ देश म्हणजे खंडाचा मोठा तुकडा आहे.)

मे २०२० मध्ये संघाने २०३० सालापर्यंतचं जैवविविधता धोरण जाहीर केलं. तेव्हा संघातली जवळजवळ २६ टक्के जमीन या ना त्या कायद्याखाली संरक्षित होती. ऐकायला झकास. पण त्याच कागदात पुढे लिहिलं होतं की कडक संरक्षण आहे ते फक्त ३ टक्के जमिनीला, आणि समुद्रात तर १ टक्क्यालाही नाही. उरलेल्या ‘संरक्षित’ भागात शेती होते, झाडं तोडली जातात, शिकार होते, गावं आहेत, आणि ते सगळं कायद्याला धरूनच. म्हणून धोरणात दोन आकडे आले: २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करायचा, आणि त्यातला एक तृतीयांश, म्हणजे एकूणाच्या १० टक्के भाग कडक संरक्षणाखाली आणायचा. जमिनीवर तरी पहिला आकडा गाठायला फार घाम गाळावा लागणार नव्हता. भांडण आहे ते दुसऱ्यावर.

कडक म्हणजे कुलूप का? तसं नाही. २०२२ साली संघाने देशांना निकष लिहून दिले. गाभा असा, की तिथल्या निसर्गाच्या घडामोडी आपल्या गतीने चालू द्यायच्या. संशोधन चालेल, वणवा रोखण्याचं काम चालेल, बाहेरून आलेली उपद्रवी जात काढणं चालेल, काटेकोर मर्यादेतलं फिरणंही चालेल. चालणार नाही ते जंगलातून लाकूड काढणं, खाणी, मासेमारी, शेती. थोडक्यात, माणूस तिथे जाऊ शकतो. तिथून काही नेऊ शकत नाही आणि तिथली मांडणी बदलू शकत नाही.

यातली शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण ‘काही न करणं’ लोकांना बघवत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीतल्या बव्हेरियाचं. बव्हेरियन फॉरेस्ट हे जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७० सालचं. १९८३ मध्ये तिथे वादळ झालं आणि स्प्रूसची (सूचीपर्णी) झाडं मोठ्या संख्येने आडवी झाली. रीतसर वनखात्याचं काम काय? पडलेलं लाकूड उचला, विका, नवी रोपं लावा. उद्यानाने गाभ्यातलं लाकूड तसंच पडू दिलं. पुढे नव्वदीच्या दशकात सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांची साथ आली आणि हजारो हेक्टरवरचे उभे स्प्रूस वाळून करडे पडले. आसपासच्या गावांत संताप उसळला. आजोबा-पणजोबांनी जपलेलं जंगल सरकार डोळ्यांदेखत मरू देतंय, अशी भावना होती. उद्यान वाढवायला तर तिथे जोरदार विरोध झाला. तरी कुणी आत जाऊन औषध मारलं नाही. फक्त कडेला काही शे मीटरांच्या पट्ट्यात भुंगेरे लागलेली झाडं काढत राहिले, शेजाऱ्यांच्या खासगी जंगलात साथ जाऊ नये म्हणून. आज त्याच उतारांवर, वाळलेल्या खोडांच्या मधून, कुणी न लावलेलं तरुण जंगल उभं आहे, आणि ते पूर्वीच्या एकसुरी स्प्रूसपेक्षा जास्त मिश्र आहे. दुर्मिळ समजल्या जाणाऱ्या बुरशी आणि भुंगेरे परत आले, कारण त्यांना हवं होतं ते मेलेलं झाडच.

मेलेल्या लाकडाचं महत्त्व आपल्याला सहजी पटत नाही. फिनलंडमध्ये जंगलातल्या एकूण जातींपैकी २० ते २५ टक्के जाती कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर जगतात. व्यापारी जंगलात झाड म्हातारं व्हायच्या आधीच कापलं जातं, त्यामुळे ते जंगल हिरवंगार दिसूनही या जिवांसाठी रिकामंच. आपल्याकडे ज्यांनी देवराया जपल्या त्यांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक होतं. सह्याद्रीतल्या कित्येक देवरायांत पडलेली फांदीही उचलायची नाही हा दंडक होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा भोवतालच्या डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडं-वेली त्यांना तिथे सापडल्या. कडक संरक्षण ही कल्पना ब्रसेल्सहून येण्याआधी आपल्याकडे होती, फक्त ती एकर-दोन एकरांत होती.

पोलंड-बेलारूस सीमेवरचं बियावोविएझा हे युरोपच्या सपाट प्रदेशातलं शेवटचं मोठं प्राचीन जंगल. त्याचा गाभा १९२१ पासून कडक राखीव आहे. युरोपातला गवा, म्हणजे बायसन, या जंगलातून १९१९ मध्ये शिकारीने संपला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून १९५२ मध्ये तो पुन्हा इथेच मोकळा सोडला. पण याच जंगलाचा पोलंडमधला मोठा भाग राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आहे. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने भुंगेऱ्यांचं कारण देत तोडीची मर्यादा जवळपास तिप्पट केली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. आधी तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश, न ऐकल्यास दिवसाला किमान एक लाख युरो दंडाची तंबी, आणि एप्रिल २०१८ मध्ये ही तोड बेकायदा असल्याचा निकाल. त्याच भुंगेऱ्यासाठी बव्हेरियाने गाभ्यात हात लावला नव्हता, इथे कुऱ्हाड काढली. फरक किड्यात नव्हता, कायद्याने त्या-त्या जमिनीला दिलेल्या दर्जात होता.

मग एवढं कळल्यावर १० टक्के जमीन काढणं सोपं असायला हवं. इथे भूगोल आडवा येतो. संघातल्या जंगलांपैकी जेमतेम ३ टक्के जंगल प्राचीन म्हणावं असं उरलंय आणि त्यातलं ९० टक्के स्वीडन, फिनलंड, बल्गेरिया आणि रोमानिया या चार देशांत आहे. शिवाय जगभर संरक्षण मिळतं ते बहुतेक करून कुणालाच नको असलेल्या जमिनीला: बर्फाचे कडे, खडक, दलदल, टोकाची उत्तर. सपाट, सुपीक, नदीकाठची जमीन आधीच शेतीखाली किंवा सिमेंटखाली गेलेली असते, आणि जिवांची गर्दी बहुधा तिथेच असायची. त्यामुळे एखाद्या देशाने टक्का गाठला तरी त्यात सगळे डोंगरमाथे असतील तर नदीकाठच्या जातींना त्याचा काही उपयोग नाही. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही डोंगर राहिला आणि खाजण भरलं गेलं.

आता आकाराकडे. बेटांवरच्या जातींच्या अभ्यासातून निघालेला एक ढोबळ नियम पर्यावरणशास्त्रात दीर्घकाळ वापरला जातो: सलग अधिवास दहापटीने घटला तर कालांतराने त्यातल्या साधारण निम्म्या जाती जातात. एका दिवसात नव्हे, हळूहळू. एखादा आजार, एखादं दुष्काळाचं वर्ष, जवळच्या नात्यातली पैदास. म्हणून शंभर लहान तुकडे आणि एक मोठा सलग पट्टा यांची बेरीज सारखी आली तरी परिणाम सारखा नसतो. आपल्या पार्काला या नियमाने बिबटे परवडायला नकोत. तरी २०१५ च्या कॅमेरा-पाहणीत तिथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाटीचं एक कारण म्हणजे आरे आणि कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्री, त्यांचं आयतं खाद्य. दुसरं कारण खाडीपलीकडे आहे.

२००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क बिबटा बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. महिनाभरात आजोबाने सुमारे १२० किलोमीटर चालून, आग्रा महामार्ग, रेल्वे आणि वसईची खाडी ओलांडून नॅशनल पार्क गाठलं. वाटेत त्याने माणसावर हल्ला केल्याची एकही नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात तो अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली मेला. जवळपास त्याच सुमाराला युरोपात स्लाव्ह्ट्स नावाचा तरुण लांडगा, त्याच्याही गळ्यात पट्टा, स्लोव्हेनियातून निघाला, ऑस्ट्रियातून आल्प्स पार करत हजारावर किलोमीटर चालला आणि २०१२ च्या वसंतात इटलीत व्हेरोनाच्या उत्तरेला पोचला. तिथे त्याला मादी भेटली. गाव व्हेरोना म्हटल्यावर तिचं नाव ज्युलिएट पडणारच. त्या भागातून दीर्घकाळ नाहीसा झालेला लांडग्यांचा कळप त्या जोडीपासून पुन्हा उभा राहिला. या दोघांपैकी कुणाच्याही वाटेवर सलग कडक संरक्षण नव्हतं. होती ती शेतं, कुरणं, रात्रीचे रिकामे रस्ते. कडक गाभ्यांना जोडणारी ही मधली, ढिली जमीन जर गेली तर गाभे बेटं होतात. म्हणून १० टक्क्यांच्या भोवती उरलेले २० टक्के लागतात; ते भरताड म्हणून ठेवलेले नाहीत.

समुद्राची गोष्ट मात्र वाईट आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातली ७२७ संरक्षित सागरी क्षेत्रं तपासली. त्यातल्या ५९ टक्के क्षेत्रांत ट्रॉलर चालू होते, आणि संरक्षित भागात तळ खरवडणारी ट्रॉलिंग बाहेरच्या समुद्रापेक्षा १.४ पट जास्त होती. जास्त! अशा जागी फलक लावणं आणि न लावणं सारखंच. ग्रीसने २०२४ मध्ये जाहीर केलं की आपल्या सगळ्या संरक्षित सागरी क्षेत्रांत २०३० पर्यंत ट्रॉलिंग बंद करू. घोषणा आहे, बघू.

उलट इटलीतल्या तोर्रे ग्वाचेतोचं उदाहरण आपल्या कोळीवाड्यांत सांगण्यासारखं आहे. तिथे काही वर्षं मासेमारी पूर्ण थांबवली. २००५ पासून मासेमारांनाच बरोबर घेऊन बाहेरच्या पट्ट्यात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या मोठ्या आसाच्या जाळ्यांनी परवानगी दिली. गाभा बंदच ठेवला. जाळ्याला लागणारी मासळी बाहेरच्यापेक्षा जवळपास दुप्पट भरू लागली. आपल्याकडे जून-जुलैतली बंदी कोळी पाळतात, कारण अंड्यावरची मासळी मारली तर नारळी पुनवेनंतर काय हाती लागणार हे त्यांना कळतं. ती बंदी काळाची आहे. सागरी गाभा म्हणजे तशीच बंदी, पण जागेची आणि बारमाही.

आतापर्यंत मी कडक संरक्षणाची बाजू लावून धरली. पण ते सगळीकडे लावायचं औषध नाही, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा मुंबईच्याच बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) दिला आहे. राजस्थानातलं भरतपूर, म्हणजे केवलादेव, राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली. गावकरी विरोधात उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पक्षी वाढण्याऐवजी झालं काय, तर म्हशी खात होत्या ते गवत मोकाट वाढलं, पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकू लागलं आणि पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. बीएनएचएसच्या १९८० ते १९९० अशा दहा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष होता की त्या पाणथळीला म्हशी हव्या होत्या. युरोपात हीच गोष्ट गवताळ कुरणांची. एस्टोनियातल्या लाएलातू इथल्या कुरणात एका चौरस मीटरात सत्तरहून जास्त जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत, आणि त्या टिकल्या शेकडो वर्षं दरवर्षी विळ्याने गवत कापलं गेलं म्हणून. तिथे ‘काही करायचं नाही’ म्हटलं तर वीस-तीस वर्षांत झुडपं माजतील. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासनमध्ये तर कुंपणाच्या आत घोडे, गाईबैल आणि सांबरवर्गी हरणं निसर्गाच्या भरवशावर सोडली. शिकारी प्राणी नाही, बाहेर जायला वाट नाही. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांवर जनावरं मेली, बरीचशी उपासमारीने खंगल्यावर गोळी घालून. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकत होते. निसर्गाला मोकळं सोडायचं तर सगळा निसर्ग हवा; अर्धा ठेवून कुंपण घातलं की त्याला गोठा म्हणतात.

राहिली माणसं. संघातलं साठेक टक्के जंगल खासगी मालकीचं आहे, तेव्हा ‘आजपासून तोड बंद’ म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी उत्पन्नावर हात टाकणं. फिनलंडने २००८ पासून मेत्सो नावाची योजना चालवली: मालकाने आपणहून जंगल देऊ करायचं, त्यात जैवविविधता किती आहे ते तपासायचं, आणि लाकडाची भरपाई द्यायची. सक्ती नसल्याने भांडणं कमी झाली. स्वीडनच्या उत्तरेला सारेक हे १९०९ सालचं राष्ट्रीय उद्यान, युरोपातल्या पहिल्यांपैकी. तिथे सामी आदिवासी आजही रेनडिअर चारतात, कायद्याने. त्या उद्यानाला कुणी कमी कडक म्हणत नाही. आपल्या पार्कातल्या पाड्यांबाबत मात्र ‘आत राहणारे ते सगळे अतिक्रमण’ अशी भाषा सर्रास ऐकू येते. नव्वदीच्या दशकात न्यायालयाच्या आदेशांनी झोपड्या हटवल्या गेल्या तेव्हा नंतर आलेली वस्ती आणि पिढ्यांपासून तिथे असलेला, वाघोबाला नैवेद्य दाखवणारा वारली यांच्यात फरक करायला बहुतेक कुणाला सवड नव्हती. मला हा फरक साधा वाटत नाही. ज्याच्या राहण्याने जंगल बदलत नाही त्याला काढून संरक्षण वाढत नाही, फक्त एक पहारेकरी कमी होतो.

आणखी एक हिशेब धोरणाच्या कागदात नीट दिसत नाही. युरोपात तोड थांबली म्हणून युरोपीय माणूस फर्निचर घेणं थांबवत नाही. लोकलमधला एक डबा बंद केला तर गर्दी कमी होत नाही, शेजारच्या डब्यात चेंगरते. तसं ते लाकूड दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या जंगलातून येऊ शकतं, कदाचित जास्त समृद्ध जंगलातून. मागणी तशीच ठेवून केलेलं कडक संरक्षण काही अंशी नुकसानीची निर्यात ठरतं.

२०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला झालेल्या जागतिक करारात जवळपास सगळ्या देशांनी ‘२०३० पर्यंत ३० टक्के’ हे मान्य केलं, भारतानेही. त्यात कडक संरक्षणाचा वेगळा आकडा नाही. १० टक्के हे युरोपने स्वतःपुरतं लिहिलं, आणि तेही देशांवर कायद्याने बंधनकारक नाही. भारतात शंभरहून जास्त राष्ट्रीय उद्यानं मिळून देशाची दीड टक्काही जमीन होत नाही. अभयारण्यं वगैरे सगळं धरलं तर पाच टक्क्यांच्या जरा पुढे. तीसपर्यंतचं अंतर भरायला नवी उद्यानं निघतील अशी शक्यता कमी. जगभर असे देश वेगळ्या खान्याकडे बघतात: ज्या जमिनीचा मुख्य हेतू संरक्षण नाही पण जिथे निसर्ग टिकून आहे, अशी तळी, राखीव जंगलं, गावांनी सांभाळलेली रानं. कल्पना वाईट नाही, देवराया तिथेच बसतात. धोका एवढाच की त्या खान्यात काहीही बसवता येतं.

आरेतल्या ८१२ एकरांचंच बघा. मेट्रो कारशेडवरून २०१९ मध्ये रात्रीत झाडं पडली, वाद पेटला, आणि पुढे या जमिनीला राखीव वनाचा दर्जा मिळाला. बिबट्यांचा तिथला वावर आधीपासूनच होता. पण राखीव वन हा १९२७ च्या वन कायद्यातला दर्जा आहे, राष्ट्रीय उद्यानाचा नव्हे. केंद्राची मंजुरी मिळाली तर अशी जमीन दुसऱ्या कामासाठी वळती करता येते.